जपानच्या सहलीचे फोटो : बॅग भरण्यापासून अल्बम हाती येईपर्यंत

परदेशच्या सहलीहून परतल्यावर आठवड्याभरात बहुतेक घरांत एक प्रसंग घडतोच. नात्यातली माणसे चहाला येतात, मोबाइल टीव्हीला जोडला जातो, फोटो एकामागून एक सरकू लागतात, आणि पंधराव्या मिनिटाला कोणीतरी विचारते, "हे कुठलं देऊळ?" त्यावर घरातली तीन माणसे तीन वेगवेगळी नावे सांगतात. आमच्याकडे हेच झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आईला घेऊन जपानला गेलो, दहा दिवसांत जवळजवळ तीन हजार फोटो काढले, आणि परत आल्यावर लक्षात आले की देखणे फोटो भरपूर आहेत, पण सहल त्यांत सापडत नाही. फोटो काढणे हे अर्धे काम असते. त्यांची नोंद, निवड आणि छपाई हे उरलेले अर्धे, आणि आपण नेमके तेच सोडून देतो. म्हणून या लेखात शटर दाबण्याइतकीच जागा मी त्या दुसऱ्या अर्ध्याला दिली आहे. उदाहरणे जपानची आहेत, कारण तिथल्या चुका मी स्वतः केल्या आहेत.

बॅग भरताना

जपानमध्ये आमच्या मोबाइलने रोज पंधरा हजारांच्या वर पावले मोजली. फुजी पर्वतासमोर उभा असलेला जो पाच मजली लाल पॅगोडा आपण कॅलेंडरांवर पाहतो, त्या चुरेइतो पॅगोडापर्यंत जायला ३९८ पायऱ्या चढाव्या लागतात, आणि दोनशेव्या पायरीवर खांद्यावरची प्रत्येक जादा लेन्स आपल्याला जाब विचारते. म्हणून एक कॅमेरा, २४ ते १०५ मिलिमीटरसारखी एक झूम लेन्स आणि संध्याकाळच्या कमी उजेडासाठी ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक लहान लेन्स एवढेच घ्यावे. कॅमेरा वापरण्याची सवय नसेल तर केवळ सहलीसाठी नवा विकत घेऊ नये. हाताला सवयीचा असलेला चांगला मोबाइल अनोळखी कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. ट्रायपॉड घरीच ठेवावा, कारण अनेक देवळांत तो चालत नाही आणि गर्दीच्या फलाटावर तो उघडणे धोक्याचे असते. ड्रोनचा तर विचारच सोडावा. तिथे १०० ग्रॅम आणि त्याहून अधिक वजनाच्या ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे आणि दाट वस्तीवर तो परवानगीशिवाय उडवता येत नाही.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक या नेहमी हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत त्या नेण्यास मनाई असते. पॉवर बँक १०० वॉट-तासांच्या आतली असावी, म्हणजे साधारण २७,००० मिलिअँपिअर-तासांपर्यंतची, आणि तिच्यावरचा हा आकडा पुसला गेलेला नसावा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. आपले बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, परंतु तिथल्या सॉकेटमध्ये दोन चपट्या पिना जातात, आपल्या गोल पिना जात नाहीत. त्यामुळे अ‍ॅडॉप्टर न्यावा, आणि त्यासोबत आपलाच एक लहान एक्स्टेन्शन बोर्ड न्यावा. मग एका अ‍ॅडॉप्टरवर तिघांचे मोबाइल आणि कॅमेरा रात्रीत चार्ज होतात.

मेमरी कार्डांचा हिशेब कागदावर करावा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, साधारण ३० एमबीची धरली आणि दिवसाला ३०० फोटो धरले, तर दहा दिवसांचे ९० जीबी होतात. एकच मोठे कार्ड घेण्याऐवजी ६४ जीबीची दोन-तीन कार्डे घ्यावीत, म्हणजे एखादे बिघडले किंवा हरवले तरी सगळी सहल त्याच्यासोबत जाणार नाही.

कॅमेरा महागाचा असेल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यासाठी कॅमेरा, त्याचे बिल आणि त्यावरचा अनुक्रमांक लागतो. परत येताना ही वस्तू आपण इथूनच नेली होती, हे त्या कागदाने सिद्ध होते. मोठी बॅग जमा करण्याआधीच हे काम उरकावे.

आता माझी सर्वांत महाग पडलेली चूक सांगतो. भारतात दुपारचे १२ वाजतात तेव्हा जपानमध्ये साडेतीन झालेले असतात. मोबाइल तिथे उतरताच स्वतःचे घड्याळ बदलतो, कॅमेरा मात्र बदलत नाही. मी ते विसरलो. परिणाम असा झाला की सकाळी साडेनऊला काढलेले किनकाकुजीचे सोनेरी मंदिर सहा वाजता नोंदले गेले आणि त्या दिवशीच्या नाश्त्याच्या, मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या आधी जाऊन बसले. दहाही दिवस असेच. विमान उतरल्यावर, सामानाच्या पट्ट्यापाशी थांबलेले असताना, कॅमेऱ्याचे घड्याळ आधी लावावे. तरीही खात्रीसाठी रोज सकाळी स्टेशनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवावा. पुढे वेळ चुकलेली निघाली तर त्या एका फोटोवरून फरक कळतो आणि लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते. मला ही युक्ती नवव्या दिवशी सुचली.

उजेड कधी, गर्दी कधी

एप्रिलच्या सुरुवातीला क्योतोमध्ये सूर्य पावणेसहाच्या आधीच उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. गटाबरोबर गेलेल्या माणसाला यातला सकाळचा भाग कधीच मिळत नाही, कारण नऊला बस निघते आणि अकरा वाजता, ऊन डोक्यावर आणि गर्दी खांद्याला लागलेली असताना, ती फुशिमी इनारीला पोहोचते. यावर तोड सोपी आहे. फुशिमी इनारीचे आवार चोवीस तास खुले असते, तिकीट नाही, आणि क्योतो स्टेशनवरून नारा मार्गाच्या लोकल गाडीने इनारी हे दुसरेच स्टेशन आहे. गटाचा दिवस सुरू होण्याआधी, मार्गदर्शकाला सांगून, पहाटे आपले आपण जाऊन यावे.

तिथे डोंगरावर हजारो केशरी तोरी, म्हणजे आपल्या तोरणाची आठवण करून देणाऱ्या कमानी, एकामागे एक उभ्या आहेत. त्या भाविकांनी आणि व्यापाऱ्यांनी अर्पण केलेल्या असून त्यांची नावे आणि तारखा खांबांच्या मागच्या बाजूला कोरलेल्या आहेत. त्यामुळे चढताना फक्त कोरा केशरी रंग दिसतो आणि उतरताना प्रत्येक खांबावर काळी अक्षरे दिसतात. दोन्ही फोटो घ्यावेत, कारण एकाच वाटेची ती दोन रूपे आहेत. वाट जिथे वळते तिथे थांबावे, लेन्स ८५ ते १०५ मिलिमीटरवर न्यावी किंवा मोबाइलवर दुप्पट-तिप्पट झूमची लेन्स निवडावी, म्हणजे कमानी एकमेकींना चिकटून आल्यासारख्या दिसतात. मग कॅमेरा डोळ्याला लावून वाट पाहावी. एखादा माणूस वळणावर येतो आणि फोटोला माप मिळते. पहिल्या शंभर मीटरमध्ये सगळे थांबतात, त्यामुळे अर्धा तास वर चढल्यावर गर्दी आपोआप विरळ होते.

मियाजिमा बेटाच्या बाबतीत सूर्यापेक्षा समुद्र पाहावा लागतो. इत्सुकुशिमा मंदिराची समुद्रातली प्रचंड कमान भरतीला पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते आणि ओहोटीला तिच्या पायापर्यंत चालत जाता येते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आदल्या रात्री पाहिले नाही तर चिखलाचा फोटो घेऊन परतावे लागते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको.

आणि गटाबरोबर मिळणाऱ्या वीस मिनिटांचे काय? माझी पद्धत अशी ठरली आहे. उतरल्याबरोबर संपूर्ण जागेचा एक रुंद फोटो घ्यावा, म्हणजे ते काम डोक्यातून जाते. त्यानंतरची दहा मिनिटे आपल्या माणसांसोबत घालवावीत. शेवटची पाच मिनिटे लहान गोष्टींसाठी ठेवावीत: बुटांची रांग, दोरीला बांधलेल्या भविष्याच्या चिठ्ठ्या, प्रवेशाचे तिकीट हातात धरलेले. बस सुटताना फलकाचा फोटो घ्यावा. घरी गेल्यावर देवळाचे नाव तोच सांगतो.

कॅमेऱ्याला सांगायच्या तीन गोष्टी

तांत्रिक माहिती कुठेही मिळते, म्हणून इथे फक्त त्याच अडचणी घेतो ज्या जपानमध्ये हमखास येतात.

पहिली साकुराची, म्हणजे चेरीच्या फुलांची. फिकट फुले, मागे पांढरे ढगाळ आकाश, आणि कॅमेरा मात्र समोरचा सगळा शुभ्रपणा मध्यम राखाडी करायला बसलेला, त्यामुळे झाड धुरकट येते. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलवर फुलांवर बोट ठेवून सूर्याचे चिन्ह थोडे वर सरकवावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे आकाशाकडे पाठ करावी आणि फुलांमागे काळपट छप्पर, गर्द झाडी किंवा पाणी येईल अशी जागा शोधावी. फुले गळायला लागली म्हणून निराश होऊ नये. क्योतोच्या 'तत्त्वज्ञांची वाट' नावाच्या पायवाटेशेजारून जवळजवळ दोन किलोमीटर वाहणाऱ्या कालव्यात पाकळ्यांचा जो थर साचतो, त्याचा फोटो बहरलेल्या झाडापेक्षा मला अधिक आवडतो.

दुसरी अडचण विजेची, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची आहे आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतली, तेव्हा पडलेली ही फूट अजून तशीच आहे. आपल्याकडे ५० हर्ट्झ असल्याने तोक्योत काही वेगळे जाणवत नाही, पण क्योतोच्या छपराखालच्या बाजारात दिव्यांच्या उजेडात काढलेल्या फोटोंवर आडवे पट्टे आणि व्हिडिओत लुकलुक दिसू लागते. तोक्योत शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे, क्योतो-ओसाकात १/६० किंवा १/१२५.

तिसरी शिन्कान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, खिडकीची. तोक्योहून क्योतोकडे जाताना फुजी उजव्या हाताला दिसतो, म्हणून साध्या डब्यात ई अक्षराची खिडकीची जागा मागावी. गाडी सुटल्यानंतर सुमारे चाळीस मिनिटांनी तयार राहावे. शटर १/१००० किंवा त्याहून जलद, लेन्स काचेच्या अगदी जवळ, आणि काचेतले प्रतिबिंब टाळण्यासाठी भोवती काळे जाकीट धरावे. ३,७७६ मीटरचा हा पर्वत ढगांत गेला तर अर्थात काहीच दिसत नाही; आम्हाला जाताना दिसला, येताना नाही.

जिथे फोटो काढायचा नाही

क्योतोच्या गिओन भागात गेइको, म्हणजे क्योतोतल्या गेइशा, आणि माइको, म्हणजे त्यांच्या शिकाऊ मुली, कामावर जाताना दिसतात, आणि पर्यटक त्यांच्यामागे धावत, वाट अडवत फोटो काढतात. त्याला कंटाळून तिथल्या रहिवाशांनी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत छायाचित्रणाला मनाई केली आणि २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांसाठी बंदच केल्या. तिथल्या फलकांवर १०,००० येन दंडाची सूचना आहे. त्याच वर्षी फुजीजवळच्या फुजिकावागुचिको गावाने रस्त्यातल्या गर्दीपायी एका दुकानासमोर अडीच मीटर उंचीचा काळा पडदा उभारला. दुकानाच्या छपरावर फुजी बसल्यासारखा दिसायचा, एवढाच त्या जागेचा गुन्हा. काही महिन्यांनी पडदा निघाला, पण त्या गावकऱ्यांचा वैताग आपल्याकडच्या कुठल्याही पर्यटनस्थळी राहणाऱ्या माणसाला लगेच समजेल.

जपानमध्ये अनोळखी माणसाचा चेहरा न विचारता टिपणे असभ्य समजले जाते. संमतीशिवाय आपला चेहरा विनाकारण टिपला जाऊ नये, हे नागरिकाचे स्वातंत्र्य तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच मान्य केले आहे. म्हणून "शाशिन ओ तोत्ते मो ई देस् का?" म्हणजे "फोटो काढू का?" हे वाक्य विमानातच पाठ करावे. होकार मिळाला तर फोटो काढून झाल्यावर तो त्या व्यक्तीला दाखवावा. समोरचा माणूस हसत हसत हाताची फुली करून दाखवतो तेव्हा तो नकार असतो. त्या हसण्याचा वेगळा अर्थ काढू नये.

काही जागी कॅमेरा बॅगेतच राहतो, आणि तिथे वही काढावी. क्योतोच्या सान्जुसान्गेन्दो या जवळजवळ १२० मीटर लांबीच्या लाकडी दालनात कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १,००१ मूर्ती रांगांनी उभ्या आहेत आणि आत छायाचित्रणाला पूर्ण बंदी आहे. मूर्तींपुढे २८ रक्षकदेवता आहेत. त्यांत ब्रह्मा आहे, इंद्र आहे, आणि चोच असलेला, बासरी वाजवणारा गरुड आहे. आई त्या गरुडापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हा इथं कधी आला?" बाहेर बाकावर बसून मी ते वाक्य आणि गरुडाचे वर्णन वहीत लिहून घेतले. एकही फोटो नसताना त्या दिवसाचे मला जेवढे आठवते, तेवढे इतर कुठल्याच दिवसाचे आठवत नाही.

आपली माणसे

देवळापुढे रांगेत उभे करून काढलेल्या फोटोत सगळ्यांचे चेहरे पासपोर्टवर असतात तसे येतात. तो फोटो एकदा घ्यावाच, आजी-आजोबांना तोच हवा असतो. पण त्यानंतर "आता हला" असे सांगून कॅमेरा खाली घ्यावा आणि माणसे काहीतरी करत असताना पुन्हा उचलावा. बूट काढताना, नकाशा उलटा धरून भांडताना, पहिल्या घासाला नाक मुरडताना.

नाऱ्याच्या बागेत हजाराहून अधिक हरणे मोकळी फिरतात आणि त्यांच्यासाठी खास बिस्किटांचे पुडे विकायला असतात. बिस्किट वर धरले की हरीण मान लववून नमस्कार करते, असे मार्गदर्शकाने सांगितले होते. आईने पुडा घेतला, एक बिस्किट वर धरले, समोरच्या हरणाने नमस्कार केला, आणि आईनेही, सवयीने, उलट नमस्कार केला. तेवढ्यात मागून दुसऱ्याने तिच्या शालीचे टोक धरले. मी १/५०० शटरवर सलग फोटो घेत होतो. बारा फोटोंपैकी अकरांत कोणाचे तरी डोळे मिटलेले आहेत किंवा फक्त शाल आहे, आणि एकात आई मागे वळून, तोंड उघडे टाकून हसते आहे. क्षितिज तिरके आहे, डावीकडे एका अनोळखी मुलाचा अर्धा हात आला आहे. आमच्या अल्बमचे मुखपृष्ठ तेच. अशा वेळी आधीपासून सलग फोटोंची सोय चालू असावी, शटर जलद असावे आणि चौकट थोडी सैल ठेवावी, कारण घाईत नेमके हातच कापले जातात.

आणखी एक. घरातला फोटो काढणारा माणूस अल्बममध्ये कधीच नसतो. रोज एकदा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि मिळेल तो फोटो गोड मानून घ्यावा.

हॉटेलवरचा अर्धा तास

जेवण झाल्यावर, डोळे मिटण्याआधी, तीन कामे करावीत. कार्डावरचे फोटो लहान एसएसडीवर, म्हणजे खिशात मावणाऱ्या साठवणीच्या डिस्कवर, उतरवावेत. आजकाल ती थेट मोबाइललाही जोडता येते. निवडक पंधरा-वीस फोटो हॉटेलच्या वायफायवरून क्लाउडवर चढवावेत. कार्ड मात्र घरी पोहोचेपर्यंत पुसू नये, आणि एसएसडी व कार्डे वेगवेगळ्या बॅगांत ठेवावीत. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकले म्हणजे ते जपले गेले असे समजू नये. तिथे फोटो दाबून लहान केला जातो. मूळ फाइल पाठवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

दुसरे काम नोंदीचे. दिवसाच्या पाच ओळी पुरतात: कुठे गेलो, काय खाल्ले, कोण काय म्हणाले, काय बिनसले, किती खर्च झाला. लिहायचा कंटाळा असेल तर दोन मिनिटे बोलून रेकॉर्ड करावे. कॅमेऱ्यात स्थाननोंद नसेल तर प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर एक तरी फोटो काढलेला असावा. त्यावरून बाकीच्यांची जागा लावता येते.

तिसरे काम मजेचे. जपानमधल्या अनेक रेल्वे स्टेशनांवर फुकट उमटवायचे मोठे शिक्के ठेवलेले असतात, आणि देवळांत थोडे पैसे देऊन वहीत शाईने सुंदर अक्षरांत देवळाचे नाव, तारीख आणि लाल मुद्रा मिळते. त्याला गोशुइन म्हणतात आणि त्यासाठी घडीच्या कागदाची वेगळी वही मिळते. ही वही म्हणजे ठिकाणांची, तारखांसह, क्रमवार यादीच. आईने ती घेतली होती म्हणून तर पुढे माझ्या फोटोंचा चुकलेला क्रम लावता आला.

परतल्यावर

आल्या आल्या निवड करायला बसू नये. दोन आठवडे जाऊ द्यावेत. मग पहिल्या फेरीत हललेले, मिटलेल्या डोळ्यांचे आणि एकसारखे फोटो काढून टाकावेत. दुसऱ्या फेरीत दिवसाला आठपेक्षा अधिक फोटो ठेवायचे नाहीत असे ठरवावे. आमचे तीन हजारांचे आधी चारशे झाले आणि मग ऐंशी. त्रास होतो, विशेषतः पहाटे उठून काढलेला फोटो बाजूला ठेवताना, पण आपण किती वाजता उठलो हे पाहणाऱ्याला दिसत नसते. निवडलेल्या प्रत्येक फोटोला वहीतली एक ओळ जोडावी, आणि फोल्डरला वर्ष, महिना, दिवस आणि गाव या क्रमाने नाव द्यावे, म्हणजे ते आपोआप तारखेने लागतात.

मग छापावे. १२ बाय ८ इंचांच्या पानाला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने ३,६०० बाय २,४०० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्याही आत. मोबाइलचा मूळ फोटो त्याला सहज पुरतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आलेला पुरत नाही. छपाईला देण्याआधी एकच नमुना प्रत काढून दिवसाच्या उजेडात पाहावी, कारण पडद्यावर उजळ वाटणारे फोटो कागदावर काळपट येतात. फोटोखाली दोन ओळींची जागा कोरी सोडावी आणि ती ज्याच्या त्याने हाताने भरावी.

मी हरणाच्या फोटोखाली "नारा, ४ एप्रिल" एवढेच लिहिले होते. आईने अल्बम चार दिवस आपल्याकडे ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा त्याखाली तिच्या अक्षरात एक ओळ होती : "पुड्यात दहा बिस्किटे होती. नऊ एकट्यानेच खाल्ली."